पाण्याचा कोन आणि पाण्याचं माप



आजचं वाचन: गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १६. पाचच श्लोक आहेत, दोन मिनिटांत वाचून होतात. आधी ते वाचून घ्या आणि मग पुढे या.

थोडक्यात अर्थ असा. देवांकडून मिळालेले भोग त्यांना काहीच परत न देता जो एकटा भोगतो, तो चोर. यज्ञ करून उरलेलं जे खातात ते संत पापातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःपुरतं रांधतात ते पापच खातात. मग भगवान एक साखळी सांगतात. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसामुळे होतं, पाऊस यज्ञामुळे आणि यज्ञ कर्मामुळे. असं हे चक्र चालू आहे, आणि ते पुढे न चालवता जो इंद्रियांच्या सुखातच रमला त्याचं जगणं फुकट गेलं.

यातला 'चोर' हा शब्द मला दर वेळी अडवतो. चोरी म्हटली की कुणाची तरी वस्तू गेली पाहिजे. पण इथे ज्याला चोर म्हटलंय त्याने कुणाच्या घरात शिरून काही उचललेलं नाही. त्याच्या वाट्याला जे आलं तेच तो वापरतोय. मग चोरी झाली कुठे?

हाच प्रश्न मला एका मित्राने वेगळ्या शब्दांत विचारला. तोही आयटीतलाच. पुण्यात राहतो, आणि कामशेतजवळ दहा गुंठ्यांचा प्लॉट घेऊन त्याने तिथे छोटं घर बांधलंय. त्यातल्या चार गुंठ्यांवर लॉन आहे. तो आमच्याकडे तळेगावला आला होता तेव्हा मी अंगणातल्या लॉनच्या स्प्रिंकलरची हेड नीट करत होतो. आमचं लॉन जेमतेम अर्ध्या गुंठ्याचं. थोडा वेळ बघून तो म्हणाला, "अर्धा तास झाला, तू त्या स्क्रूशी खेळतोयस. पाणी तुझ्या बोअरचं, लाईट बिल तू भरतोस. थोडं रस्त्यावर उडालं तर कुणाचं काय जातं? याला काटकसर म्हण. पण तू तर यालाही साधना म्हणशील. यात धर्म कुठे आला?"

प्रश्न चांगला आहे. 'पाणी म्हणजे जीवन' असं एक वाक्य टाकून त्याला गप्प करण्यात अर्थ नाही. म्हणून आज जरा त्या स्क्रूपासूनच सुरुवात करू.

हेड नीट करणं म्हणजे काय?

ज्यांच्याकडे लॉन नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लॉनच्या स्प्रिंकलरमध्ये दोन प्रकार जास्त दिसतात. एक साधा फवारा: पाण्याचा दाब आला की डोकं जमिनीतून वर येतं आणि पंख्यासारखं पाणी उडतं. दुसरा गिअरवर हळूहळू फिरणारा, ज्याला रोटर म्हणतात. त्याची एकच धार इकडून तिकडे फिरत राहते. शेतात टक-टक-टक आवाज करत फिरणारे स्प्रिंकलर तुम्ही पाहिले असतील, त्याच कुळातला.

दोन्हींमध्ये दोन गोष्टी बदलता येतात. पहिली म्हणजे कोन: पाणी पूर्ण गोल उडू द्यायचं, अर्धा गोल, की कोपऱ्यात बसवलेल्या हेडसाठी फक्त पाव गोल. दुसरी म्हणजे फेक: पाणी किती लांब जाईल. वरच्या छोट्या स्क्रूने धार थोडी अडवली की फेक कमी होते. एवढं नीट केलं की पाणी भिंतीवर, गाडीवर, रस्त्यावर न जाता गवतावर पडतं.

आणखी एक नियम आहे. एका हेडची फेक शेजारच्या हेडपर्यंत पोचली पाहिजे. वरवर बघता हे डबल काम वाटतं, पण कुठलंही एक हेड आपल्या सगळ्या भागाला सारखं पाणी देऊ शकत नाही. एकाचं जिथे कमी पडतं तिथे दुसऱ्याचं पोचतं, तेव्हा कुठे सगळं लॉन सारखं हिरवं राहतं.

आता खरी मेख. साध्या फवाऱ्याची नोझल कोनाप्रमाणे वेगवेगळी मिळतात. पाव गोलाचं नोझल पूर्ण गोलाच्या नोझलच्या साधारण पाव पट पाणी सोडतं, त्यामुळे जमिनीवर पडणारी जाडी सारखीच राहते. रोटरचं तसं नाही. रोटरची धार एकच असते. कोन कमी केला तरी धारेतून तेवढंच पाणी येत राहतं.

हिशोब करून बघा. समजा एक रोटर मिनिटाला ८ लिटर पाणी सोडतो आणि त्याची फेक ६ मीटर आहे. पूर्ण गोल फिरला तर तो साधारण ११३ चौरस मीटर भिजवतो. दहा मिनिटांत ८० लिटर, म्हणजे जमिनीवर जेमतेम ०.७ मिलिमीटर पाणी. आता त्याच रोटरचा कोन पाव गोलावर आणा. भिजणारी जागा २८ चौरस मीटर, पाणी मात्र तेच ८० लिटर. म्हणजे जवळजवळ २.८ मिलिमीटर, चौपट. रस्त्यावर एक थेंब जात नाही, बघणाऱ्याला वाटतं काय छान शिस्तीत पाणी चाललंय. आणि त्या कोपऱ्यात चिखल होतो, गवताची मुळं कुजतात, आणि जास्तीचं पाणी खाली निघून जातं.

यावर उपाय एकच. कोन कमी केला तर नोझलही लहान लावायचं, नाहीतर वेळ कमी करायचा. म्हणजे पाणी कुठे पडतं हे बदललं की पाणी किती येतं हेही बदलावं लागतं. बहुतेक जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात, कारण पहिलं डोळ्यांना दिसतं.

कोन बदलतो, माप तेच राहतं

मला वाटतं, तिसऱ्या अध्यायातला 'चोर' इथे सापडतो.

आपण लहान असताना आपलं वर्तुळ बऱ्यापैकी मोठं असतं. आजोळ, चुलत भावंडं, वाड्यातले शेजारी, गावची जत्रा. खाऊ आला की सगळ्यांत वाटला जातो. पुढे शिक्षण होतं, नोकरी लागते, फ्लॅट घेतला जातो, आणि वर्तुळ लहान होत जातं. त्यात लगेच वाईट काही नाही. सगळ्या जगाची काळजी कुणी एकटा करू शकत नाही, कोन ठरवावाच लागतो. अडचण पुढची आहे. वर्तुळ पाव झालं, पण येणारी धार तेवढीच राहिली, किंबहुना पगारवाढीबरोबर वाढत गेली. पूर्वी आठ-दहा माणसांवर पडायचं ते आता दोघांवर आणि एका मुलावर पडतं. मग तिसरा टीव्ही येतो, मुलाच्या खोलीत न उघडलेल्या खेळण्यांचे बॉक्स साठतात, फ्रिजमध्ये अन्न शिळं होतं. आपल्याला वाटतं, आम्ही कुणाचं काही घेतलेलं नाही, सगळं आमच्याच लॉनवर पडतंय. खरं आहे. पण कोपऱ्यात चिखल झालाय.

भगवान ज्याला चोर म्हणतात तो मला असा दिसतो. त्याने दुसऱ्याच्या नळाला पाइप लावलेला नाही. चक्रातून त्याच्याकडे येणारी धार पूर्ण उघडी आहे आणि पुढे जाणारी बंद आहे. जे पुढे जाण्यासाठी आलं होतं ते त्याच्यापाशी थांबलं. ज्यांच्यापर्यंत ते जायचं होतं त्यांच्या दृष्टीने चोरीच झाली, मग कुलूप तुटलेलं असो की नसो.

आपण भक्त मंडळीही यातून सुटत नाही. महिन्यातून एकदा अन्नदान केलं, वारीच्या वाटेवर पाणी वाटलं की वाटतं, झालं आपलं कर्तव्य. ते चांगलंच आहे, करत राहावं. पण तो कोनातला बदल आहे. एक दिवस धार जरा बाहेर वळवली. आपण मुळात घेतो किती, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

'वाया' कुणाच्या हिशोबाने?

इथे मित्राच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, कारण तो खरा आहे. स्प्रिंकलरचं जे पाणी कंपाउंडबाहेर उडतं ते माझ्या हिशोबाने वाया गेलं. पण भिंतीपलीकडे एखादं जांभळाचं रोप उगवलं असेल तर? माझ्या चुकलेल्या फेकीवर ते जगत असेल. मी कोन नीट केला की माझा हिशोब चोख झाला आणि रोप वाळलं. 'वाया' हा शब्द आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतो.

मावळातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पवना धरणाचं पाणी नदीत सोडलं जातं आणि खाली रावेतच्या बंधाऱ्याजवळ पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. त्याऐवजी धरणातून थेट शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायची योजना आली. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर मुद्दा सरळ आहे: उघड्या नदीतून येताना पाणी झिरपतं, उन्हाने उडून जातं, घाण होतं. बंद पाइपमधून स्वच्छ आणि पूर्ण मिळेल. पण काठावरच्या शेतकऱ्याची विहीर त्या झिरपण्यावर भरते, त्याची मोटर त्याच नदीवर चालते. शहराच्या हिशोबात जी गळती, ती त्याच्या हिशोबात शेती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेतकरी या योजनेविरुद्ध रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यात एक महिला होती. मी तेव्हा इंजिनिअरिंग शिकत होतो. वर्गात आम्ही पाइपमधल्या गळतीची गणितं सोडवत होतो आणि हॉस्टेलच्या टीव्हीवर ती बातमी चालू होती.

कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा मी इथे करणार नाही. शहरातल्या लाखो माणसांनाही प्यायला पाणी लागतं, त्यात माझे नातेवाईकही आहेत. एवढंच म्हणतो की तिथेही सगळी चर्चा पाणी कुठून कसं न्यायचं यावर झाली, म्हणजे कोनावर. कुणाला किती लागतं आणि कुणी किती कमी घेऊ शकतो, हा मापाचा प्रश्न शहरातल्या फारशा सोसायट्यांनी स्वतःला विचारला नाही.

पावसाच्या गावात तहान

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैमध्ये भुशी डॅमच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की पाण्याची कधी टंचाई असू शकते यावर विश्वास बसत नाही. पण खाली काळा बसाल्ट आहे. हा दगड पाणी धरून ठेवत नाही. वरच्या थोड्या मुरमाड थरात आणि खडकातल्या भेगांमध्ये जेवढं मुरेल तेवढंच आपलं, बाकीचं वाहून जातं.

वाहून जातं ते कुठे, हीही एक गोष्ट आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या टाटांच्या धरणांत अडवलेलं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला वीज तयार करतात. ते वीजघर १९१५ साली सुरू झालं. म्हणजे जो पाऊस एरवी पूर्वेकडे जाऊन भीमेला मिळाला असता, त्यातला मोठा वाटा शंभरहून जास्त वर्षं पश्चिमेला कोकणात उतरतोय. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. इथेही कुणीतरी कोन बदलला, आणि त्याने कुणाचं भलं झालं, कुणाचं राहिलं.

आणि याच डोंगरात, लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला, आपली इंद्रायणी उगम पावते. कार्ला, कामशेत, इंदोरी करत ती देहूला जाते, तिथून आळंदीला, आणि तुळापूरला भीमेला मिळते. आपण आळंदीच्या घाटावर ओंजळीत जे पाणी घेतो ते आधी आमच्या मावळातून आलेलं असतं. ते किती येतं आणि कसं येतं, याचा आमच्या अंगणांशी संबंध आहे.

बोअरचंही तसंच आहे. "माझ्या बोअरचं पाणी" म्हणताना आपण सातबाऱ्याची भाषा बोलतो. पण खडकातल्या भेगेला प्लॉटची हद्द माहीत नसते. माझ्या दोनशे फुटांवरचा पंप जी भेग रिकामी करतो, तीच कदाचित टेकडीच्या पायथ्याला असलेल्या वस्तीच्या विहिरीत उघडते.

आता माप मोजू. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर द्यायचं धरलं तर गुंठ्याला रोज ५०० लिटर. मित्राच्या चार गुंठ्यांना रोज २,००० लिटर. पाच दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर. एप्रिल आणि मे मिळून बारा टँकर. केंद्राच्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोजचं माप ५५ लिटर धरलंय. त्या मापाने २,००० लिटर म्हणजे ३६ माणसांचं दिवसभराचं पाणी. आमच्या अर्ध्या गुंठ्याचंही चार-पाच माणसांचं होतं.

हेड अगदी काटेकोर बसवली, एक थेंब बाहेर गेला नाही, तरी हा आकडा तिथेच राहतो. उलट बाहेर जाणारं पाणी वाचलं म्हणून आपण आणखी एक पट्टा लॉन करतो. ऑफिसमध्ये आपण रोज हेच बघतो. कोड ऑप्टिमाइझ केला, सर्व्हर मोकळा झाला, आणि महिनाभरात नव्या फीचरने तो परत भरला.

माप ठरवणारी माणसं

मग माप ठरवायचं कसं? दोन उदाहरणं देतो. दोन्ही आपल्याच पुणे जिल्ह्यातली.

पहिलं, १९७२ च्या दुष्काळानंतरचं. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते आणि उद्योजक. पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी अडवलं, साठवलं, हे तर झालंच. पण वाटपाचा नियम विलक्षण होता. कुणाची जमीन किती यावर पाणी मिळायचं नाही, घरात माणसं किती यावर मिळायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. हे सगळं गावाने मान्य केलं. मला यात नोझल बदललेलं दिसतं. धार कुणाकडे वळवायची यावर भांडत बसण्याआधी, कुणालाही गरजेपेक्षा मोठी धार मिळणार नाही हे त्यांनी ठरवून टाकलं.

दुसरं उदाहरण देहूचं. तुकोबांच्या घरी सावकारी होती हे आपल्याला माहीत आहे. मोठा दुष्काळ पडला, घरातली माणसं गेली, गावोगाव लोक देशोधडीला लागले. परंपरा सांगते की त्यानंतर तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. निम्मी भावाची, कान्होबांची, ती त्यांना दिली. बुडवली ती आपल्या वाट्याची.

नीट बघा. सावकारी चालू ठेवून, आलेल्या व्याजातून दर एकादशीला अन्नछत्र घालणं तुकोबांना सहज जमलं असतं. लोकांनी नावाजलंही असतं. तो झाला असता कोनातला बदल. त्यांनी येणारी धारच बंद केली. ती करताना भावाच्या वतीने त्याग केला नाही, त्याच्यावर वैराग्य लादलं नाही. आपलं माप आपण ठरवायचं, दुसऱ्याचं त्याला ठरवू द्यायचं.

मग लॉन काढून टाकायचं का?

मित्राने पुढे हेच विचारलं, आणि थोडं चिडून. "म्हणजे मी पापी? दहा वर्षं ईएमआय भरून थोडं हिरवं बघायला मिळतंय तर तेही नको?"

गीतेने भोगाला पाप म्हटलेलं नाही. तेराव्या श्लोकातले संतही जेवतात. फरक एवढाच की आधी पुढे जातं आणि मग उरलेलं ते घेतात. आपण बहुतेक वेळा उलट करतो: आधी आपण पुरेपूर घेतो आणि उरलं तर देतो. क्रम बदलला की माप आपोआप बदलतं, कारण उरलेलं घ्यायचं ठरवलं की ते कितीही असू शकतं. मुबलक असेल त्या वर्षी मुबलक, कमी असेल त्या वर्षी कमी.

लॉनच्या बाबतीत याचा अर्थ फार अवघड नाही. पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर काही महिने गवत हिरवं राहतंच. मार्चनंतर ते पिवळं पडू द्यायचं. आपली हरळी, जी आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो, ती पाण्यावाचून सुकते पण सहसा मरत नाही. पहिल्या वळवाने परत फुटते. मावळातले सगळे डोंगर एप्रिलमध्ये पिवळे असतात आणि जूनअखेर हिरवेगार होतात. भगवंताचं चक्र म्हणतात ते हेच. त्या पिवळ्या डोंगराच्या पायथ्याशी मे महिन्यात आपलंच अंगण हिरवंगार असावं हा हट्ट चक्राच्या बाहेरचा आहे. ज्याला एखादा छोटा पट्टा हवा असेल, घरात म्हातारं माणूस संध्याकाळी अनवाणी चालत असेल, त्याने तेवढा पट्टा ठेवावा आणि पाणी मोजून द्यावं. ते मोजणारा तोच.

एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो टाळता येणार नाही. मी रोज १०० लिटर कमी उपसले म्हणून वरच्या वस्तीतल्या बाईची एक खेप वाचेल याची खात्री काय? खात्री नाही. ते पाणी भेगेतून कुठे जाईल मला दिसत नाही. शेजारचा बंगलेवाला तेवढंच जास्त उपसू शकतो. इथे माझ्यातल्या इंजिनिअरला डॅशबोर्ड हवा असतो: एवढं वाचवलं, एवढं पोचलं. तो डॅशबोर्ड मिळणार नाही. पण फळ हातात नाही हे तर गीतेने दुसऱ्या अध्यायातच सांगून टाकलंय. म्हणून कर्म सोडायचं नसतं. आणि दुसऱ्याने घेतलं म्हणून माझ्या घेण्याचं समर्थनही होत नाही. जे एकट्याने सुटत नाही त्यासाठी नायगावसारखं चार जणांत बसून ठरवावं लागतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर दोन तास जातात, पाण्याच्या मापावर वीस मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

शेवटी ज्ञानेश्वरीकडे वळतो. शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेल्या या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात, भक्ताचं कर्म कसं असावं हे समजावताना ज्ञानदेवांना माळी आणि त्याने वळवलेलं पाणी आठवतं. माळी नेईल तिकडे पाणी जातं, त्याचा स्वतःचा आग्रह नसतो. तसं आपलं कर्म भगवंताच्या हाती असावं, असा त्यांचा भाव.

स्प्रिंकलरचा स्क्रू हातात असताना मला वाटतं, मी माळी आहे, कोन मी ठरवतो. ज्ञानदेव सांगतात, तू पाणी हो. माझा पगार, माझा वेळ, माझी बुद्धी ही कुणीतरी माझ्याकडे वळवलेली धार आहे, आणि मी शेवटचा वाफा नाही. माझ्यापुढेही वाफे आहेत. पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यातच अडून राहिलं तर वाफाही फुटतो आणि पुढचं शिवारही कोरडं राहतं. ज्याने शेतात दारं धरलंय त्याला हे कळायला गीता वाचावी लागत नाही.

आजचा नेम

या आठवड्यात एक गोष्ट करून बघा. ज्यांच्याकडे लॉन किंवा बाग आहे त्यांनी पाणी सुरू करण्याआधी चार-पाच सरळ काठाचे डबे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत, दहा मिनिटं स्प्रिंकलर चालवावा आणि पट्टीने पाणी मोजावं. कुठे किती पडतं ते कळेल. मग कोन नीट करा, रोटर असेल तर नोझल किंवा वेळही कमी करा, आणि पाणी पहाटे द्या, म्हणजे ऊन-वाऱ्याने उडून जाणार नाही. भिंतीपलीकडच्या रोपाला एक तांब्या वेगळा घाला, मुद्दाम, आठवणीने.

ज्यांच्याकडे लॉन नाही त्यांनी आपल्याकडे येणारी कुठलीही एक धार निवडावी. पगार घ्या, सुट्टीचा वेळ घ्या, कपड्यांचं कपाट घ्या. ती कुणाकडे वळवायची हा विचार उद्यावर ठेवा. आज फक्त एवढं लिहून काढा: येतं किती, आणि मला खरोखर लागतं किती. दोन आकड्यांमधलं जे अंतर निघेल ते घेऊन तिसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक पुन्हा एकदा वाचा.

उद्या श्लोक १७ पासून पुढे.

राम कृष्ण हरी.